दोघांना एकच व्हिडिओ

“बटण कुठलं दाबायचं ते मला दावूच नगंस,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी दाबणार न्हाय.”

मेथी निवडता निवडता निकितानं आपला फोन सासूच्या मांडीवर ठेवला होता. द्वारकाबाईंनी तो दोन बोटांनी उचलला आणि परत तिच्या पुढ्यात सरकवला.

“आत्या, मला ते होतं तवा व्हिडिओ मी कशी काढणार? शेजारी असंल त्यानंच काढायला पायजे.”

“आन काढल्यावर? जे येतं ते त्यात अडकून ऱ्हायलं तर? फोन तू उशाला घिऊन झोपतीस.”

“डॉक्टर मॅडमनी सांगितलंय.”

“मॅडमनी मागल्या बारीला डोक्याला वायरी लावून बघितलं. काय निघालं? काय न्हाय. आता म्हणती व्हिडिओ आणा. तिला वायरी लावून कळंना, ते मला फोनात कळणार हाय व्हय?”

यात खोटं काही नव्हतं. बारामतीच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला होता आणि तो अगदी स्वच्छ आला होता. आलेख काढायच्या वेळेलाच फीट यावी असं काही नसतं, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. “तुम्हाला काय होतं ते तुम्हाला कधीच दिसणार नाही,” त्या म्हणाल्या होत्या, “पण मला दिसलं पाहिजे. घरच्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढायला सांगा. आणि काढताना गप्प राहू नका म्हणावं. प्रश्न विचारत राहा.”

निकिताच्या बाजूनं पाहिलं तर काहीच घडत नसे. उतू गेलेल्या दुधाचा वास यायचा, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं, आणि मग आजूबाजूचे लोक तिच्याकडं बघत असायचे. मधला तुकडा तिच्यासाठी नव्हताच.

तो तुकडा पहिल्यांदा चारचौघांत घडला तो दूध संकलन केंद्रावर. काटेवाडीत लग्न होऊन आल्यावर वर्षभरात तिला तिथं काम मिळालं होतं. इंदापूरच्या कॉलेजातून ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि दुधाचा नमुना घेऊन फॅट मोजणं हे त्या शिक्षणाच्या मानानं लहान काम आहे असं माहेरी निमगावात म्हणत. तिला तसं वाटत नसे. माणसाच्या तोंडाकडं न बघता त्याच्या दुधाबद्दल खरं सांगता येतं, हे तिला आवडायचं. त्या दिवशी तानूबाईंच्या किटलीतला नमुना घेताना तिच्या हातातली बाटली कलंडली, आणि सांडलेल्या दुधाकडं न बघता ती ओढणीचं टोक चिमटीत धरून चोळत राहिली. हे तिला नंतर तानूबाईंनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तानूबाईंचं दूध नासलं. उन्हाळ्यात दूध नासतं. पण गावानं दोन गोष्टी जोडल्या, आणि तेव्हापासून रांग टेबलापासून चार हात लांब उभी राहू लागली. किटली पुढं सरकवायची आणि मागं व्हायचं.

केंद्राचे चेअरमन शंभूराज तसे सरळ माणूस. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, काय हाय ते डॉक्टरकडनं लिहून आणा. म्हंजी मी लोकांपुढं धरतो. न्हायतर महिन्याच्या शेवटाला मला दुसरी मुलगी बघावी लागंल. माझं काय न्हाय ओ, पण लोकं दूध दुसरीकडं न्यायला लागल्यात.”

आणि डॉक्टर म्हणत होत्या, बघितल्याशिवाय मी काय लिहू?

त्याच महिन्याच्या अमावस्येला तिला देवस्थानावर न्यायला तिच्या नवऱ्यानं, विशालनं, जीप सांगून ठेवली होती. विशाल दुधाचा टँकर चालवायचा, भिगवणवरून पुण्याला. बायकोला ते होताना त्यानं दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा त्यानं तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं होतं आणि नंतर दिवसभर तो तिच्याशी नीट बोलू शकला नव्हता. आईनं सांगितलं तेव्हा त्यानं मान डोलावली. ज्या देवस्थानावर जायचं होतं तिथला भगत माणसाला गुण येईपर्यंत ठेवून घेई. पलीकडच्या गल्लीतली स्वरूपा गेल्या वर्षी तिथं गेली ती अजून परतली नव्हती. तिचं पोर जावेकडं वाढत होतं आणि जावेलाच आई म्हणत होतं.

निकितानं मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि फोन उचलला. आज हे होणार नव्हतं.

संध्याकाळचं दूध घालून झालं की द्वारकाबाई टीव्हीसमोर बसायच्या. त्यांची एक मालिका ठरलेली होती, परदेशातली, मराठीत केलेली. एक यान अंतराळातून कुठंतरी लांब निघालेलं असतं आणि दर भागात त्यातल्या माणसांवर काहीतरी गुदरतं. द्वारकाबाई तिला इमानाची मालिका म्हणत. यानाची कप्तान बाई होती म्हणून ती त्यांना पसंत होती. फक्त तिच्या घरी स्वयंपाक कोण करतं, हे कुठल्याच भागात दाखवलं नाही, ही त्यांची तक्रार होती.

त्या आठवड्याच्या भागात यानातली तिघं माणसं एका धूमकेतूचा बर्फ गोळा करायला बाहेर गेली आणि परत आली ती बदलून. कामं करत होती, जेवत होती, पण हाक मारली की बोलणाऱ्याच्या पलीकडं कुठंतरी बघायची. कप्तान बाईनं त्यांना काचेच्या खोलीत बंद केलं आणि काचेबाहेर उभं राहून विचारलं, तू कोण आहेस? कुठून आलास? तुला काय हवंय? तिघांतला एक जण उठून काचेजवळ आला आणि त्याच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलू लागलं. यान मागं फिरवा म्हणालं.

“बघ,” द्वारकाबाई म्हणाल्या. “इचारल्यावर बोलावंच लागतं त्याला. शिकलीसवरलेली मान्सं, इमान चालिवत्यात, तरी लागलंच ना बाहेरचं?”

“आई, ते दुसऱ्या ग्रहावरचं हाय,” जेवता जेवता विशाल म्हणाला.

“मग मी काय म्हणतीया? ग्रहाचंच म्हणतीया.”

निकिता दारात उभी राहून बघत होती. तिचं लक्ष काचेच्या खोलीकडं नव्हतं. यानात एक यंत्रं सांभाळणारी तरुणी होती, अजून बाहेरच होती, कुणाला तिचा संशय आलेला नव्हता. ती सूप प्यायला बसते. पुढच्या क्षणी सूप गार झालेलं असतं, वर साय धरलेली असते, आणि शेजारचा माणूस तिच्याकडं रोखून बघत असतो. ती वाटीत बोट बुडवते. एवढंच. कुठलं संगीत नाही, डोळे पांढरे झालेले नाहीत. निकिता दारातून एक पाऊल आत आली. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला आतल्या बाजूनं ते कसं असतं हे ठाऊक होतं.

ती तरुणी मग आपल्या खोलीत स्वतःवर कॅमेरा लावून ठेवते आणि ते चित्रण न बघताच कप्तान बाईच्या हातात देते.

निकितानं पुढं होऊन टीव्हीचा आवाज बंद केला.

“आत्या, त्या बाईनं काचेतनं इचारलं, तसं तुमी मला इचारणार?”

“तुला कशाला? तुझ्यात जे हाय त्याला इचारायचं.”

“इचारा मग. पण इचारताना फोन चालू ठेवा. आधी मॅडमना दावू, मग तुमच्या भगताला. दोघांना एकच व्हिडिओ. मधला एक शब्द कापायचा न्हाय.”

द्वारकाबाईंनी विशालकडं पाहिलं. विशालनं ताटाकडं पाहिलं.

“आन ते बोललं तर?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“बोललं, नाव सांगितलं, कायबी मागितलं, तर अमावस्येला मी माझी मी जीपमधी बसते. कुणी वढायला नगं.”

“निकिता,” विशाल म्हणाला.

“आन न्हाय बोललं, तर जीप जाणार न्हाय.”

ती बोलून तर बसली होती. त्या मधल्या तुकड्यात आपण काय बोलतो हे तिला माहीत नव्हतं. तानूबाई म्हणाल्या होत्या, तोंड हलत होतं. कशासाठी हलत होतं हे तिनं विचारलं नव्हतं.

द्वारकाबाई बराच वेळ बंद आवाजातल्या यानाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढं केला.

“दाव बटण.”

पहिले व्हिडिओ अंगठ्याचे निघाले. मग एक गायीचा निघाला, त्यात गाय अर्धीच होती, पण आवाज स्वच्छ होता. “ह्या काळ्या ठिपक्यावर बोट ठिवायचं न्हाय व्हय,” द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी कधीच ठेवलं नाही. शिकायचंच म्हटल्यावर त्यांनी ते वेणी घालायला शिकावं तसं शिकून घेतलं. निकिता केंद्रावरून आली की फोन त्यांच्या हातात जायचा. त्या तो ब्लाउजात खोचून ठेवायच्या आणि ती जाईल तिथं मागं यायच्या, गोठ्यात, मोरीत, वाळवणापाशी. शेजारच्या सिंधुबाईंनी विचारलं, “द्वारका, सुनंवर पाळत ठेवलीस का काय?” द्वारकाबाई म्हणाल्या, “व्हय. पळून चाललीया इमानातनं.”

आणि नेमकं ते येईना. ज्याला वर्षभर घाबरत होती त्याची वाट बघायची हे निकिताला विचित्र वाटत होतं. अमावस्या जवळ आली. विशालनं एकदा अंगणात हळूच विचारलं, “जीपवाल्याला काय सांगू?”

“अजून काय सांगू नका.”

“आई ऐकायची न्हाय.”

“त्यांनी शब्द दिलाय. तुमी दिलेला न्हाय.”

विशालनं दोरीवरचा चिमटा काढून परत लावला. मग म्हणाला, “मला ते बघवत न्हाय, निकिता.” ती म्हणाली, “मला ठावं हाय,” आणि धुणं झटकायला लागली.

रविवारी सकाळी ती परातीत ज्वारीचं पीठ घेत होती तेव्हा दूध उतू गेल्याचा वास आला. तिनं शेगडीकडं पाहिलं. शेगडीवर तवा होता. तिला हाक मारायची होती. मारली की नाही हे तिला सांगता आलं नसतं.

मग ती भिंतीला टेकून बसलेली होती. परात उपडी झाली होती आणि पीठ फरशीभर पसरलं होतं. तवा खाली उतरवून ठेवलेला होता. समोर द्वारकाबाई उकिडव्या बसल्या होत्या, दोन्ही हातांत फोन धरून, निरांजन विझू नये म्हणून धरावं तसा सरळ.

“काढलं?” निकिताची जीभ जड झाली होती.

द्वारकाबाईंनी ठिपक्यावर बोट न येऊ देता फोन बंद केला.

“आत्या, बोललं का ते?”

“पाणी पी.”

“बोललं का?”

“उद्या दवाखान्यात बघू,” द्वारकाबाई म्हणाल्या. फोन त्यांनी परत दिला नाही. केरसुणी घेऊन त्या पीठ भरू लागल्या, आणि निकितानं पुन्हा विचारलं नाही. तिला झोप अनावर झाली होती. झोपेतही ती ऐकत होती, पण सासू कुणाशीच बोलत नव्हती.

बारामतीच्या दवाखान्यात विशाल दाराशी उभाच राहिला. डॉक्टरांनी फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

चित्र सुरुवातीला हललं, मग स्थिर झालं. निकिता परातीपाशी बसलेली होती. तिनं कधीच न पाहिलेली निकिता. नजर एका बाजूला, तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलत होतं, शब्द नव्हता. उजवा हात पदराचं टोक चोळत होता, नेटानं, जणू त्यावरचा डाग काढायचा होता. द्वारकाबाईंचा आवाज आला, घरातला नव्हे, देवळातला आवाज.

“कोन हाय तू?”

तोंड हलत राहिलं.

“कुठली हाईस? गाव सांग तुझं. काय पायजे तुला? कोंबडं पायजे? लुगडं पायजे? बोल, काय घिऊन जातीस ते बोल.”

परात कलंडली. पीठ पसरलं. हात पदर चोळत होता. विचारणाऱ्या आवाजानं तेच प्रश्न पुन्हा विचारले, हळू, आणि प्रत्येकानंतर थांबून. खरंच वाट बघत होता तो आवाज. बाहेर गाय हंबरली तेवढंच.

मग आवाज बदलला.

“निके,” द्वारकाबाई म्हणाल्या. “निके गं. हितं बघ. हाईस का तू?”

काही नाही. हात मंदावला. डोळे एकदा मिटले, उघडले.

“ह्यात कुणीच न्हाय का गं बाई,” आवाज म्हणाला, स्वतःशीच म्हटल्यासारखं. आणि थोड्या वेळानं व्हिडिओतली निकिता भिंतीला टेकून म्हणाली, “काढलं?”

विशालनं डोळ्यांवरून हात फिरवला. या वेळी त्यानं शेवटपर्यंत पाहिलं होतं.

निकिता बंद पडद्याकडं बघत होती. चेहरा तिचा होता. त्यात ती नव्हती, आणि दुसरंही कोणी नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं की काहीच दिसलं नाही तर आपण सुटलो. पण मोकळं घर बघावं तसं ते दिसलं. हात लांबवून तिनं फोन पालथा घातला.

“हे प्रश्न कोणी विचारले?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी. पर तिला न्हाय इचारलं,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“हो, कळलं मला. पण चांगलं केलंत, थांबून थांबून विचारलंत. किती वेळ त्यांना भान नव्हतं आणि कधी आलं, हे मला यातून नीट दिसतंय. ही फीटच आहे. हातपाय झाडून पडण्याचीच फीट असते असं नाही, अशीही असते. मेंदूच्या एका भागात सुरू होते आणि थांबते. औषध आहे याला.”

द्वारकाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

“माझ्या भनीला मी घिऊन गेलते देवस्थानावर,” त्या म्हणाल्या. निकितानं मान वळवली. सासूला बहीण होती हे तिला माहीत नव्हतं. “तिला इचारलं की बोलायचं ते. नाव सांगायचं, गाव सांगायचं, बोकड मागायचं. ह्यानं कायबी मागितलं न्हाय. मी लुगडं देते म्हटलं तरी मागितलं न्हाय.”

“बहिणीला बरं वाटलं मग?”

“न्हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “ऱ्हायली न्हाय ती.”

द्वारकाबाईंनी टेबलावरचा फोन उचलून निकिताच्या मांडीवर ठेवला. मग त्या दाराकडं बघून म्हणाल्या, “विशाल, जीपवाल्याला सांगून टाक. भगताला मी काय सांगू, कोन आलंय म्हणून?”

डॉक्टरांनी औषध लिहिलं, मेंदूचा फोटो काढायला सांगितला, आणि केंद्रासाठी दाखलाही लिहिला. निकितानं तो तिथंच वाचला. काम करायला हरकत नाही, असं त्यात स्पष्ट होतं.

“गाडी चालवता का?”

“स्कूटी हाय माझी,” निकिता म्हणाली. दवाखान्यात ती जपून पुस्तकी बोलायची, आज विसरली.

“बंद. निदान वर्षभर. औषधानं किती फरक पडतो ते बघून मग बोलू. मोरीची कडी आतून लावायची नाही. शेगडीपाशी एकटीनं असायचं नाही.”

“निमगावला माहेर हाय माझं. मी एकटीच जाते.”

“एसटीनं जा.”

स्कूटी तिनं स्वतःच्या पगारातून घेतली होती. रविवारी दुपारी उसाच्या मधल्या रस्त्यानं निघायचं, कुणाला विचारायचं नाही, आईकडं चहा घ्यायचा आणि परत यायचं. बाहेर बाकावर बसून तिनं घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून स्कूटीची किल्ली काढली. कडी घट्ट होती, नख दुखावलं. किल्ली तिनं विशालपुढं धरली. ती घेऊन कुठं ठेवायची हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून हात ठेवला.

“पहाटं मी सोडत जाईन केंद्रावर,” तो म्हणाला.

“टँकर असतो तुमचा. मी चालत जाईन.”

शंभूराजांनी दाखला वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “मी सांगतो लोकास्नी.”

“मीच सांगते,” निकिता म्हणाली.

पहाटे केंद्रावर पिवळा दिवा लागलेला होता. रांग नेहमीसारखी टेबलापासून लांब उभी होती. निकितानं मशीन चालू केलं, बाटल्या मांडल्या आणि मग उभी राहिली.

“मला फीटचा आजार हाय,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. “मला फीटचा आजार हाय. औषध चालू केलंय. कवा हितं आली, तर मला धरून हलवायचं न्हाय. हातातली बाटली घ्यायची आन थांबायचं. आपोआप जाती. दूध त्यानं नासत न्हाय. दूध किटली धुतली न्हाय म्हंजी नासतं.”

कुणीतरी खाकरलं. तानूबाईंनी आपल्या किटलीकडं पाहिलं.

रांगेत पहिल्या द्वारकाबाई होत्या. पहाटेचं घरचं दूध रोज निकिताच स्कूटीवरून आणायची, आज त्या स्वतः घेऊन आल्या होत्या. त्यांनी किटली टेबलावर ठेवली आणि मागं न होता तिथंच उभ्या राहिल्या. निकितानं नमुना घेतला, मशीनला लावला, आकडा बघितला.

“फॅट कमी लागलंय, आत्या.”

“मला काय सांगतीस? गायीला सांग.”

रांगेत हसू फुटलं आणि विरलं. पण कुणी पुढं सरकलं नाही. द्वारकाबाईंनी पावती घेतली, रिकामी किटली उचलली आणि त्या बाजूला झाल्या. टेबल आणि रांग यांच्यातली फरशी तशीच मोकळी राहिली, ओली, दिव्याच्या उजेडात चकाकणारी.

निकितानं बाटली गरम पाण्यानं विसळली, निथळली आणि जागेवर ठेवली. मग दुसरी उचलली.

“पुढं या,” ती म्हणाली.